मानमोडी कोठें शोधावी?



ग्रंथालयांत काम करणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. "अमुक लेखकाचें अमुक पुस्तक आहे काय?" हा पहिला प्रकार. त्याला होय किंवा नाहीं एवढें उत्तर पुरतें. "अमुक विषयावर तुमच्याकडे काय काय आहे?" हा दुसरा प्रकार. हा प्रश्न दिसावयास साधा, पण त्याचें खरें उत्तर द्यावयाचें तर संग्रहांतील प्रत्येक पुस्तक, प्रत्येक लेख, प्रत्येक कात्रण कशाविषयीं आहे हें आधींच कोठें तरी नोंदलेलें असावें लागतें. ही नोंद सूचिकार करतो, आणि ती तो एकदोन शब्दांत करतो. या शब्दांना आपण विषयशब्द म्हणूं. ते कसे निवडावे, आणि निवडल्यावर त्यांना शिस्त कशी लावावी, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभीं माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों.

२०२० सालच्या उन्हाळ्यांतली गोष्ट. करोनाच्या साथीमुळें ग्रंथालय वाचकांना बंद होतें. आम्ही एकदोघे आळीपाळीनें जाऊन बसत असूं. एका डॉक्टर बाईंचा दूरध्वनि आला. १९१८ सालीं इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली, तेव्हां आपल्याकडील लोकांनीं घरोघर काय उपाय केले, आजाऱ्याला वेगळें कसें ठेवलें, याविषयीं जुन्या मराठी मासिकांत कांहीं आलें आहे काय, असें त्यांनीं विचारलें. त्या वेळीं हा कांहीं नुसत्या कुतूहलाचा प्रश्न नव्हता. मासिकांतील लेखांची आमची सूची कार्डांवर आहे. मीं 'इन्फ्लुएन्झा' पाहिलें, 'फ्लू' पाहिलें, 'साथीचे रोग' पाहिलें. हातीं कांहीं लागलें नाहीं. "आमच्याकडे नाहीं" असें सांगून मी मोकळा झालों.

पुढें दीड वर्षानें, दुसरेंच कांहीं शोधीत असतां, 'म' अक्षराच्या खणांत एक कार्ड दिसलें. वर शब्द होता 'मानमोडी'. खालीं सात लेखांच्या नोंदी होत्या. १९१८ च्या त्या साथीला आपल्याकडे लोक मानमोडी म्हणत. कार्डावरचें अक्षर माझेंच होतें. नोकरीच्या पहिल्या वर्षीं, लेखांच्या मथळ्यांत जो शब्द दिसला तो मीं जसाच्या तसा उतरून घेतला होता. 'इन्फ्लुएन्झा' या शब्दाकडून तिकडे येणारी वाट मात्र घालून ठेवली नव्हती. लेख कपाटांत सुरक्षित होते, नोंदहि होती. पण त्या बाईंच्या दृष्टीनें ते लेख वाळवीनें खाऊन टाकले असते तरी फरक पडला नसता. त्यांना मीं मागाहून कळविलें. त्यांनीं आभार मानले. पण ज्या वेळीं ते लेख हवे होते ती वेळ निघून गेली होती.

हें असें का होतें? भाषेच्या स्वभावांतच याचें कारण आहे. एका वस्तूला अनेक नांवें असतात आणि एका नांवाच्या अनेक वस्तु असतात. पहिल्या अडचणीचा दाखला रोगांच्याच नांवांत आहे. कॉलऱ्याला कोणी पटकी म्हणे, कोणी जरीमरी, कोणी महामारी. वैद्य विषूचिका म्हणत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां वर्तमानपत्रांतून त्याला ग्रंथिक सन्निपात असेंहि नांव मिळालें. आतां 'महामारी' हा शब्द घ्या. तो कॉलऱ्यालाहि लावलेला आढळतो आणि प्लेगलाहि. अलीकडे तर कोणत्याहि मोठ्या साथीला तो लावतात. म्हणजे एकाच शब्दांत दोन्ही अडचणी आल्या.

दुसऱ्या अडचणीचा याहून चांगला दाखला 'पाट' या शब्दाचा. जेवावयास बसण्याचा तो पाट. शेताला पाणी नेणारा तोहि पाट. आणि जुन्या काळीं अनेक जातींत विधवेचा पुनर्विवाह होई, त्यालाहि पाटच म्हणत. 'पाट' या एका शब्दाखालीं तिन्ही प्रकारचे लेख एकत्र घातले, तर कालव्यांचा अभ्यास करणाऱ्या इंजिनियराला विवाहाच्या चालीरीती वाचाव्या लागतील, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाटबंधाऱ्यांचे नकाशे!

ही अडचण आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. ज्या घरांत अमरकोश पाठ करण्याची चाल होती, तेथील लोकांना आठवेल कीं, अमरसिंहानें एका अर्थाचे शब्द एकत्र बांधले आहेत. पण तेवढ्यावर न थांबतां तिसऱ्या कांडांत एक स्वतंत्र नानार्थवर्ग दिला आहे, आणि अनेक अर्थांचे शब्द तेथें त्यांच्या शेवटच्या व्यंजनाच्या क्रमानें लावले आहेत. पर्याय एकीकडे, नानार्थ दुसरीकडे. आजच्या सूचिशास्त्राचा पायाहि याच दोन गोष्टींवर उभा आहे.

आतां निवडीकडे वळूं. कागद हातीं आल्यावर पहिला प्रश्न असा कीं, हा कशाविषयीं आहे? याचें उत्तर मथळ्यावरून देण्याचा मोह होतो, आणि माझी चूक त्या मोहांतूनच झाली. मथळा वाचकाला खेंचण्यासाठीं असतो. 'गोड शत्रु' या मथळ्याखालीं मधुमेह असूं शकतो आणि खुशामतखोर मित्रहि असूं शकतो. म्हणून प्रस्तावना, अनुक्रमणिका, प्रकरणांचे आरंभ आणि शेवटचा निष्कर्ष एवढें तरी चाळावें. मग स्वतःला एक प्रश्न विचारावा : कोणती शंका मनांत घेऊन आलेल्या माणसाला हा कागद मिळाला नाहीं, तर त्याचें नुकसान होईल? तीस वर्षांच्या कामांत मला याहून चांगली कसोटी सांपडलेली नाहीं. लेखांत एखाद्या गोष्टीचा नुसता उल्लेख आला म्हणून तिचा विषयशब्द देऊं नये; आणि लेखांत शब्द एकदांहि आला नाहीं, पण सारें विवेचन त्याच गोष्टीचें आहे, तर तो शब्द अवश्य द्यावा.

दुसरा प्रश्न, शब्द किती व्यापक असावा? याचें उत्तर अमेरिकेंतील चार्ल्स ॲमी कटर या ग्रंथपालानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांत दिलें आहे, आणि तें आजहि मानलें जातें. मांजरावरचें पुस्तक 'मांजर' या शब्दाखालींच घालावें. 'प्राणिशास्त्र', 'सस्तन प्राणी' किंवा 'पाळीव प्राणी' या शब्दांखालीं नव्हे. विषयाच्या मापाचा शब्द निवडावा, त्याहून ढगळ नको. द्राक्षांवर पडणाऱ्या भुरी रोगाचा लेख 'शेती' या शब्दाखालीं घातला, तर तो शेंकडों कार्डांत बुडून जाईल. नाशिकच्या ज्या बागाईतदाराची बाग डोळ्यांदेखत करपत आहे, त्यानें काय तीं सर्व कार्डें चाळीत बसावें?

तिसरा प्रश्न, शब्द किती द्यावे? एकच दिला तर लेखाची एकच बाजू उघडी राहते. वीस दिले तर प्रत्येक शब्दाखालीं इतकी गर्दी होते कीं, मुख्य लेख आणि ओझरते लेख यांत भेद उरत नाहीं. व्यवहारांत यावर एक तोड निघाली आहे. लेखाचा जो गाभा असेल त्या शब्दावर खूण करावयाची, आणि बाकीचे शब्द बिनखुणेचे ठेवावयाचे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शब्द कोणाचा घ्यावा? लेखकाचा, पंडिताचा, कीं वाचकाचा? वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयांत 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हा शब्द योग्य ठरेल. पेठेंतल्या वाचनालयांत त्याच लेखाला 'हृदयविकाराचा झटका' हाच शब्द हवा. सूचिकाराची सोय आणि वाचकाची सोय यांत विरोध आला, तर वाचकाच्या बाजूनें निर्णय द्यावा, हाहि कटरचाच दंडक.

राहतां राहिलें शब्दाचें रूप. 'विहीर' लिहावें कीं 'विहिरी'? इंग्रजी शब्द देवनागरींत कसा लिहावा? या बाबी क्षुल्लक वाटतात. पण अक्षरक्रमाच्या सूचींत 'विहीर' आणि 'विहिरी' यांच्यामध्यें दुसरीं कार्डें येऊन बसतात, आणि यंत्राच्या दृष्टीनें तर ते दोन निरनिराळे शब्द. आपल्याकडे १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गळाले. जुन्या मासिकांत 'गांव' आहे, नव्यांत 'गाव' आहे. जो दोन्ही रूपें जोडून ठेवणार नाहीं, त्याच्या सूचींत मराठी वाङ्मयाचे दोन तुकडे पडतील.

इतका विचार करून एका माणसानें शब्द निवडला, तरी काम संपत नाहीं. उद्यां दुसरा माणूस त्याच विषयाच्या दुसऱ्या लेखाला दुसरा शब्द देईल. इतकेंच काय, तोच माणूस सहा महिन्यांनीं वेगळा शब्द देईल. या धंद्यांतल्या प्रत्येकानें हा अनुभव घेतलेला आहे. म्हणून निवडलेल्या शब्दांवर नियंत्रण लागतें. हें नियंत्रण कसें चालतें, याचा सर्वांत मोठा नमुना वैद्यकशास्त्राच्या सूचींत पाहावयास मिळतो. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊं.

अमेरिकेच्या सैन्यांत जॉन शॉ बिलिंग्ज नांवाचे एक शल्यवैद्य होते. लष्करी वैद्यखात्याचें ग्रंथालय त्यांच्याकडे सोंपविलेलें होतें. जगभरच्या वैद्यकीय मासिकांत दर महिन्याला शेंकडों लेख येत, आणि एका गांवच्या डॉक्टरनें शोधून काढलेला उपाय दुसऱ्या गांवच्या डॉक्टरला ठाऊक होत नसे. १८७९ सालीं बिलिंग्ज यांनीं रॉबर्ट फ्लेचर यांच्या सहकार्यानें 'इंडेक्स मेडिकस' नांवाची विषयवार मासिक सूची सुरू केली. ही छापील सूची, मध्यंतरीं रूपें बदलत, २००४ सालापर्यंत निघत होती. आतां तिचें काम संगणकावरून चालतें आणि कोणालाहि तें विनामूल्य पाहतां येतें.

या सूचीसाठीं मान्य विषयशब्दांची एक स्वतंत्र यादी १९६० सालीं तयार झाली. आज तींत तीस हजारांहून अधिक मुख्य शब्द आहेत आणि दर वर्षीं तिची उजळणी होते. तिची रचना समजण्यासाठीं क्षयरोगाचें उदाहरण घेऊं. फुप्फुसांच्या क्षयाला इंग्रजींत पूर्वीं 'कन्झम्प्शन' म्हणत, वैद्य 'थायसिस' म्हणत. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं या रोगाचा जंतु दाखवून दिला, आणि पुढें 'ट्युबरक्युलोसिस' हें नांव सर्वत्र रूढ झालें. यादींत या नांवाला मान्य शब्दाचा मान आहे. जुनीं दोन नांवें टाकून दिलेलीं नाहींत. त्यांच्यापुढें 'पाहा' अशी पाटी लावून मान्य शब्दाकडे बोट दाखविलेलें आहे. वाचकानें कोणत्याहि दारानें आंत यावें, तो पोंचतो एकाच खोलींत. नियंत्रणाचा हा पहिला भाग.

दुसरा भाग नात्यांचा. प्रत्येक शब्दाचें घराणें सांगितलेलें असतें : याच्या वरचा व्यापक शब्द कोणता, याच्या पोटांतले शब्द कोणते, आणि याच्या शेजारचे कोणते. फुप्फुसांचा क्षय हा जंतुजन्य रोगहि आहे आणि फुप्फुसांचा विकारहि आहे. म्हणून त्या यादींत तो दोन्ही घराण्यांत नोंदलेला आहे. एखाद्यानें फुप्फुसांच्या सर्व विकारांचे लेख मागितले, तर क्षयाचे लेख आपोआप त्यांत येतात. शेजारच्या शब्दांसाठीं 'हेंहि पाहा' अशी सूचना असते. तिसरा भाग म्हणजे खुलाशाची टीप : हा शब्द कोणत्या अर्थानें वापरावा, कोणत्या अर्थानें वापरूं नये, आणि तो यादींत कोणत्या वर्षीं आला. आपल्या 'पाट' शब्दाचा निकाल याच रीतीनें लागतो. 'पाट, आसन', 'पाट, कालवा', 'पाट, विवाह' असे तीन वेगळे शब्द करावयाचे, आणि तिसऱ्यापुढें 'पुनर्विवाह, हेंहि पाहा' असें लिहावयाचें.

आपल्या देशांतील शियाली रामामृत रंगनाथन यांचेंहि येथें स्मरण केलें पाहिजे. मद्रास विद्यापीठाच्या या ग्रंथपालांनीं १९३३ सालीं आपली 'कोलन' वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध केली. विषय हा एकसंध दगड नसून पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ अशा बाजूंनीं बनलेला असतो, हा तिचा गाभा. 'नाशिक जिल्ह्यांत १९१८ सालीं साथीच्या तापावर झालेले उपाय' या विषयांत रोग आहे, उपाय आहे, स्थळ आहे आणि काळहि आहे. प्रत्येक बाजूनें वाचक येऊं शकतो, आणि प्रत्येक बाजूला एकेक दार ठेवावें लागतें.

परंतु नियंत्रित यादींत एक मोठें वैगुण्य आहे, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्या गोष्टीला अद्याप नांवच पडलेलें नाहीं, तिच्यासाठीं यादींत शब्द कोठून असणार? ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेंतील सार्वजनिक आरोग्यखात्याच्या साप्ताहिक पत्रिकेंत एक लहानशी वार्ता आली. लॉस एंजेलिस येथें पांच तरुणांना एका दुर्मिळ प्रकारचा न्युमोनिया झाला होता. लवकरच दुसरीकडून एका दुर्मिळ कर्करोगाच्या वार्ता आल्या. हे सर्व एकाच नव्या रोगाचे अवतार होते. पण त्या रोगाचें 'एड्स' हें नांव १९८२ च्या सप्टेंबरांत रूढ होऊं लागलें, आणि वैद्यकीय सूचीच्या यादींत त्याचा स्वतंत्र शब्द १९८३ सालीं आला. तत्पूर्वींचे लेख त्या वेळीं उपलब्ध असलेल्या जुन्या शब्दांखालींच पडावयाचे. या रोगाच्या आरंभाचा इतिहास ज्याला पाहावयाचा असेल, त्यानें केवळ 'एड्स' हा शब्द धरला, तर आरंभच त्याच्या हातून निसटेल. म्हणूनच शब्द यादींत कोणत्या वर्षीं आला ही टीप हवी, आणि त्यापूर्वीं कोणते शब्द वापरीत तेंहि सांगितलें पाहिजे. माझ्या मानमोडीच्या कार्डावर एवढी एक ओळ असती, तर मला आज हें भाषण करावें लागलें नसतें!

नांवांविषयीं आणखी एक नाजूक गोष्ट आहे. कांहीं नांवें माणसांना टोंचतात. ज्याला आतां डाउन सिंड्रोम म्हणतात, त्या जन्मजात अवस्थेला पूर्वीं एका सबंध वंशाचें नांव लावून 'मंगोलिझम' म्हणत. १९६१ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत पत्र लिहून हें नांव सोडावें असें सुचविलें, आणि १९६५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें सोडलें. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषययादींत परवान्यावांचून देशांत आलेल्या लोकांसाठीं 'बेकायदेशीर परके' अशा अर्थाचा शब्द होता. २०१४ सालीं एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं त्यावर आक्षेप घेतला. २०१६ सालीं तो बदलण्याचें ठरलें, तेव्हां विधिमंडळांतून विरोध झाला. अखेर २०२१ सालीं शब्द बदलला. कार्डावरचा एक शब्द, पण त्यासाठीं सात वर्षें लागलीं.

आपल्याकडेहि हा प्रश्न आहे. एकाच समाजाविषयींचें मराठी लेखन काळाकाळानें 'अस्पृश्य', 'हरिजन', 'दलित' अशा निरनिराळ्या शब्दांनीं झालें आहे, आणि प्रत्येक शब्दामागें इतिहास आहे, वेदनाहि आहे. येथें सूचिकारानें दोन गोष्टी पाळाव्या. ज्या लोकांविषयीं शब्द आहे, त्यांनीं स्वतःसाठीं कोणता शब्द पत्करला आहे तें पाहून मान्य शब्द ठरवावा. पण जुने शब्द पुसून टाकूं नयेत. त्यांच्या 'पाहा' अशा पाट्या राहूं द्याव्या. नाहीं तर १९२७ सालच्या महाडच्या सत्याग्रहाविषयीं त्या काळच्या वर्तमानपत्रांत काय आलें, हें शोधणाऱ्याची वाटच बंद होईल.

आतां तुमच्यापैकीं कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? यंत्रांत सबंध मजकूर घालावा आणि हवा तो शब्द शोधावा." ही शंका रास्त आहे, आणि तिची परीक्षाहि झालेली आहे. इंग्लंडांत क्रॅनफील्ड येथें सिरिल क्लेव्हर्डन या ग्रंथपालानें १९५७ पासून यावर प्रयोग केले. पहिल्या प्रयोगांत विमानविद्येचे अठरा हजार लेख चार निरनिराळ्या पद्धतींनीं सूचींत घातले आणि बाराशें प्रश्न विचारून पाहिले. चारी पद्धतींचें यश जवळजवळ सारखें निघालें. पुढच्या प्रयोगांत तर लेखांतूनच उचललेले सुटे शब्द, काळजीपूर्वक बांधलेल्या शब्दयादींपेक्षांहि सरस ठरले. आम्हां सूचिकारांना हा निकाल गोड वाटला नाहीं. पण तो खरा होता.

त्याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. शोधांत दोन गुण हवे असतात. हवें असलेलें सारें मिळावें हा एक, आणि नको असलेलें कांहीं येऊं नये हा दुसरा. हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहींत. कोळ्यानें जाळ्याचा डोळा बारीक केला तर मासा सुटत नाहीं, पण कचराहि वर येतो. डोळा मोठा केला तर कचरा जातो, आणि त्याच्याबरोबर लहान मासाहि जातो. एका नवशिक्या विद्यार्थ्याला चार चांगले लेख पुरतात. पण एखाद्या औषधाच्या दुष्परिणामांचा शोध घेणाऱ्या डॉक्टरला एकहि लेख सुटलेला चालत नाहीं, कारण सुटलेल्या लेखांतच धोक्याची सूचना असूं शकते. त्यानें सुटे शब्दहि शोधले पाहिजेत आणि मान्य विषयशब्दहि.

क्लेव्हर्डनच्या प्रयोगांतले लेख एका शास्त्राचे, एका भाषेचे आणि बव्हंशीं एका काळाचे होते, हेंहि लक्षांत ठेवावें. जेथें सर्वजण एकच परिभाषा बोलतात, तेथें मजकुरांतले शब्द पुरतात. जेथें शंभर वर्षांचें अंतर आहे, तेथें ते पुरत नाहींत. यंत्र अक्षरें जुळवून पाहतें, आणि अलीकडचीं यंत्रें अर्थाचा अदमासहि बरा करतात. वैद्यकीय सूचींत २०२२ सालापासून विषयशब्द देण्याचें काम यंत्राकडेच सोंपविलें आहे, आणि माणसें निवडक ठिकाणीं तें तपासून सुधारतात. पण यंत्र ज्या यादींतून शब्द उचलतें, ती यादी माणसांनींच ठरविलेली आहे. आणि मानमोडी व इन्फ्लुएन्झा एकच, हें कोणीं तरी प्रथम लिहून ठेवल्यावांचून यंत्राला तरी कसें कळावें?

हें सर्व मोठ्या ग्रंथालयांचें झालें. परंतु प्रत्येक घर हेंहि एक लहानसें दप्तरच असतें. घरपट्टीच्या पावत्या, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मुलांचे दाखले, पाककृतींचीं कात्रणें, आणि आतां दूरध्वनियंत्रांत सांठविलेले हजारों फोटो. घरपट्टीची पावती एक जण 'घर' या पाकिटांत ठेवतो, दुसरा 'कर' या पाकिटांत, तिसरा 'महानगरपालिका' या पाकिटांत, आणि भरणा करण्याच्या दिवशीं तिघेहि एकमेकांवर रागावतात. यावर उपाय सोपा आहे. एका वहींत, मागच्या पानापासून, घरांतल्या शब्दांची यादी करावी. घरांतील माणसें बोलतांना जो शब्द वापरतात तोच मान्य करावा. 'मालमत्ता कर' असें बोलत नसाल तर तसें लिहूं नये. ज्या शब्दांना बाद केलें तेहि यादींत लिहून त्यांच्यापुढें 'पाहा, घरपट्टी' असें लिहावें. नवा शब्द करण्यापूर्वीं यादी पाहावी. आणि वर्षांतून एकदां, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं म्हणा ना, यादीवरून नजर फिरवावी.

हें सर्व आपल्यासाठीं म्हणून करूं नये. आपल्याला आपले शब्द ठाऊकच असतात. घरांतील कर्तें माणूस आजारी पडतें किंवा जातें, आणि विम्याचा कागद दुसऱ्याच कोणाला शोधावा लागतो. दुःखांत, घाईंत, आणि कागद ठेवणाऱ्याच्या मनांत काय होतें हें विचारण्याची सोय नसतां. ग्रंथालयांतहि तसेंच आहे. शोधणारा कोण असेल, कोणत्या काळांतला असेल, कोणत्या शब्दानें दार ठोठावील, हें सूचिकाराला दिसत नाहीं. म्हणून त्यानें एक शब्द पक्का धरावा, बाकीच्या सर्व शब्दांकडून त्याच्याकडे वाटा घालाव्या, आणि काळाबरोबर शब्द बदलला तर जुन्या वाटा बुजूं देऊं नयेत.

आमच्या खणांत आतां नवीं कार्डें आहेत. मान्य शब्द 'इन्फ्लुएन्झा'; त्याच्या पोटांत '१९१८ ची साथ'; आणि 'मानमोडी' या कार्डावर लिहिलें आहे : 'पाहा, इन्फ्लुएन्झा, १९१८ ची साथ'. जुनें कार्ड मीं फाडलें नाहीं. नव्यानें कामावर येणाऱ्या मुलामुलींना तें मी पहिल्या दिवशीं दाखवितों, आणि अक्षर कोणाचें आहे तेंहि सांगतों.